डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन् : विषयाची निवड आणि आयुष्याची घडण

तांबरम स्थानकाच्या पूर्वेस मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे विस्तीर्ण, वृक्षराजीने भरलेले आवार आहे. आपल्या मंडळातील कुटुंबांना ते सुपरिचित आहे. मुलांच्या प्रवेशाचे दिवस आले की कोणता विषय घ्यावा या प्रश्नाची चर्चा घरोघरी रंगते. ज्याला एकच विषय आवडतो त्याची निवड सोपी असते. पण ज्याला गणितात गोडी आहे, इतिहासही खुणावतो आणि साहित्यही सोडवत नाही, त्याची मात्र ओढाताण होते. एक घेतले तर बाकीची कायमची दुरावतील, आणि जे घेतले तेच चुकले तर जन्म वाया जाईल, अशी दुहेरी भीती त्याला ग्रासते. अशा मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी याच कॉलेजच्या एका विद्यार्थ्याचे चरित्र अवश्य डोळ्यांपुढे आणावे, असे आम्हांस वाटते.

राधाकृष्णन् यांचा जन्म ५ सप्टेंबर १८८८ रोजी तिरुत्तणी येथे एका तेलुगुभाषी कुटुंबात झाला. वडील एका जमीनदारीत महसूल खात्यातील साध्या नोकरीवर होते. घरची स्थिती बेताचीच होती. तिरुत्तणी, तिरुपती आणि वेल्लोर येथे शिक्षण घेऊन, बरेचसे शिष्यवृत्तीच्या आधाराने, हा लाजाळू व वाचनवेडा मुलगा १९०४ मध्ये मद्रास ख्रिश्चन कॉलेजात दाखल झाला. कॉलेज त्या काळी तांबरमला नव्हते. शहरात, जॉर्ज टाऊन भागात, हायकोर्टासमोर ते भरत असे. तांबरमला त्याचे स्थलांतर झाले ते पुढे १९३७ मध्ये.

बी. ए. साठी पाच विषयांतून एकाची निवड करावयाची होती : गणित, पदार्थविज्ञान, जीवशास्त्र, इतिहास आणि तत्त्वज्ञान. राधाकृष्णन् यांचे मन कोणत्याच एका विषयावर ठरत नव्हते. त्याच वर्षी त्यांचा एक नातलग तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाला. परीक्षा संपल्यावर निरुपयोगी झालेली आपली पाठ्यपुस्तके त्याने या धाकट्या भावाला देऊन टाकली. मानसशास्त्र, तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र या विषयांवरची ती पुस्तके होती. नवी पुस्तके विकत घेण्याचा खर्च वाचला आणि विषय ठरला! पुढे जगाने ज्यांना तत्त्वज्ञ म्हणून गौरविले त्यांच्या हाती तत्त्वज्ञान आले ते असे.

तथापि या योगायोगाचे फार गोडवे गाऊ नयेत. पुस्तकांच्या किमतीने विषय ठरणे हे कौतुक करण्यासारखे नाही. ती गरिबीची अडचणच होय. शिवाय, आयती पुस्तके त्या काळी अनेकांना मिळाली असतील. सारेच काही राधाकृष्णन् झाले नाहीत. विषय हाती कसा आला यापेक्षा हाती आल्यावर त्याचे काय केले, याला खरे महत्त्व आहे.

कॉलेजातील मिशनरी अध्यापक विद्वान होते, परंतु हिंदू धर्मविचारांवर ते कठोर टीका करीत. त्या टीकेने या तरुणाचे मन अस्वस्थ झाले. रागावून वाद घालण्याऐवजी त्याने मूळ ग्रंथ उघडले. वेदान्तात नीतीला स्थान नाही, या आक्षेपाला उत्तर म्हणून त्यांनी एम. ए. साठी वेदान्ताच्या नीतिविचारावर प्रबंध लिहिला. तो १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा लेखकाचे वय अवघे वीस वर्षांचे होते. ज्यांच्या मतांना त्यात उत्तर होते त्या अध्यापकांपैकीच प्रा. हॉग यांनी त्याची वाखाणणी केली. योगायोगाने आलेला विषय त्या क्षणी स्वतःचा झाला, कारण त्यात स्वतःचा एक प्रश्न सापडला.

१९०९ मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी अध्यापनास प्रारंभ केला. शिक्षक-प्रशिक्षणासाठी त्यांना सैदापेटच्या महाविद्यालयातही जावे लागले. तांबरमहून बीचकडे जाणाऱ्या लोकलने आपण नित्य ओलांडतो तेच हे सैदापेट. १९१८ मध्ये म्हैसूर आणि १९२१ मध्ये कलकत्ता, असा पुढील प्रवास झाला. म्हैसूर सोडताना विद्यार्थ्यांनी फुलांनी सजविलेली त्यांची गाडी स्वतः ओढत स्थानकापर्यंत नेली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. भारतीय तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचे त्यांचे दोन खंड १९२३ आणि १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. १९३६ मध्ये ऑक्सफर्ड येथे पौर्वात्य धर्म व नीतिशास्त्र या विषयाच्या अध्यासनावर त्यांची नियुक्ती झाली. आंध्र आणि बनारस हिंदू विद्यापीठांचे कुलगुरुपद, मॉस्कोतील राजदूतपद, १९५२ ते १९६२ उपराष्ट्रपतिपद आणि १९६२ ते १९६७ राष्ट्रपतिपद, हा पुढचा क्रम वाचकांना ठाऊकच आहे. १७ एप्रिल १९७५ रोजी मद्रास येथे त्यांचे निधन झाले.

मग बाजूला राहिलेल्या विषयांचे काय झाले? इतिहास त्यांनी सोडला म्हणावे, तर त्यांचा प्रमुख ग्रंथ विचारांच्या इतिहासाचाच आहे. साहित्य दुरावले म्हणावे, तर १९१८ चे त्यांचे पुस्तक रवींद्रनाथांच्या तत्त्वज्ञानावर आहे. एका विषयाची विहीर खोल खणली की आजूबाजूचे झरे तिच्यात आपोआप येऊन मिळतात, असाच याचा अर्थ होय.

याच विद्वानाच्या अध्यक्षतेखाली १९४८ मध्ये विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला गेला आणि १९४९ मध्ये त्याचा अहवाल आला. पदवीच्या विद्यार्थ्याला केवळ आपल्या विशेष विषयात कोंडून ठेवू नये; विज्ञान शिकणाऱ्यास मानव्यविद्यांचा आणि मानव्यविद्या शिकणाऱ्यास विज्ञानाचा परिचय असावा, या सामान्य शिक्षणाचा आयोगाने आग्रह धरला. स्वतः पाच वाटांच्या तोंडाशी उभे राहिलेल्या माणसाला इतर चार वाटा पुढील पिढ्यांसाठी बंद होऊ नयेत असे वाटावे, यात आम्हांस औचित्य दिसते.

विषय बदलूच नये, असाही बोध यातून कोणी घेऊ नये. आपल्या इरावतीबाई कर्वे यांनी १९२६ मध्ये फर्ग्युसन कॉलेजातून बी. ए. ची पदवी घेतली तीही तत्त्वज्ञानातच. पुढे मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली त्या समाजशास्त्राकडे वळल्या आणि बर्लिनला मानवशास्त्राकडे. तरीही ‘युगान्त’ वाचताना जुन्या अभ्यासाचा संस्कार जागोजागी जाणवतो. एकाने वाट धरून ठेवली, दुसरीने बदलली; दोघांचेही शिकलेले वाया गेले नाही.

आम्हां केंद्र सरकारच्या नोकरांची मुले बदल्यांमुळे गावोगावच्या शाळा, भाषा आणि माणसे पाहतात. अनेक गोष्टींची आवड त्यांच्यात सहजच रुजते. तिला चंचलपणा समजून पालकांनी धास्तावू नये. प्रवेशाच्या वेळी एक विषय घ्यावा लागतो, तो शक्य तितक्या विचाराने घ्यावा. पण तो घेतला म्हणजे आयुष्याचा निकाल लागला, असे मानू नये. राधाकृष्णन् यांचा निकाल प्रवेशअर्जावर लागला नव्हता. तो पुढील वर्षांच्या अभ्यासात लागला.

शेवटी त्या नातलगाविषयी दोन शब्द. त्याने केले ते काम अगदी लहान होते, पण त्याविना हे चरित्र असे घडले नसते. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळाने आपल्या सभासदांच्या घरची वापरून झालेली पाठ्यपुस्तके गोळा करून गरजू विद्यार्थ्यांना द्यावीत, अशी आमची सूचना आहे. मात्र ती सर्व विषयांची असावीत. विद्यार्थ्याने विषय आपल्या आवडीने निवडावा. फळीवर काय शिल्लक आहे, यावरून नव्हे.