मोजमापाचा आग्रह धरणारा शास्त्रज्ञ

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींचा वेध घेणाऱ्या प्रयोगशाळेची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजूर केली. सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पातील यंत्राला चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असावयाच्या आहेत. या कामाची मुख्य जबाबदारी अणुऊर्जा खात्याकडे आहे. अणुभट्ट्या चालविणाऱ्या खात्याने दूरच्या ताऱ्यांच्या टकरींतून उठणाऱ्या लहरींचा पाठपुरावा का करावा, असा प्रश्न सामान्य वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर या खात्याचे संस्थापक डॉ. होमी जहांगीर भाभा यांच्या चरित्रात सापडते.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. मुलाने अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जावे, अशी घरच्यांची इच्छा. त्याप्रमाणे १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले आणि यंत्रशास्त्राची परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले. परंतु मनाचा ओढा पदार्थविज्ञानाकडे होता व अखेर तोच बलवत्तर ठरला. अवकाशातून पृथ्वीवर येणारे विश्वकिरण हा त्यांच्या अभ्यासाचा विषय बनला. या किरणांपासून इलेक्ट्रॉनांचे वर्षाव कसे निर्माण होतात, याची उपपत्ती त्यांनी वॉल्टर हाइटलर यांच्यासह १९३७ मध्ये मांडली. असे कण डोळ्यांना दिसत नाहीत. गायगर गणकातील विजेचा स्पंद किंवा मेघकोष्ठातील पुसट रेषा एवढीच त्यांची साक्ष. भाभांचे काम गणिती असले, तरी त्याचा खरेखोटेपणा ठरविणारी होती ती ही उपकरणेच.

१९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले आणि महायुद्ध सुरू झाल्यामुळे येथेच राहिले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी विश्वकिरण संशोधनाचा विभाग उभारला. युद्धकाळात परदेशी सामग्री मिळणे दुरापास्त झाले होते. अशा दिवसांत प्रायोगिक काम करावयाचे, तर हाताशी कारागीर, काचकाम जाणणारे व विद्युत्-मंडले जोडणारे लोक हवेत, हा धडा त्यांना तेथे मिळाला. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली, तेव्हा उच्च गणिताच्या शेजारी इलेक्ट्रॉनिक्सलाही जागा मिळाली ती याच जाणिवेतून.

या दूरदृष्टीचे मोल अणुभट्टीच्या वेळी कळले. अणुभट्टीत किती न्यूट्रॉन वावरतात यावर तिची शक्ती अवलंबून असते. न्यूट्रॉनावर विद्युत्भार नसल्यामुळे तो साध्या गणकाला चकवतो. म्हणून शोधकात बोरॉन वापरतात. बोरॉनचा अणू न्यूट्रॉन गिळतो, त्याच वेळी विद्युत्भारित कण बाहेर पडतात आणि ते वायूत जो विजेचा स्पंद उमटवितात तो मोजता येतो. भट्टी सुरू होताना एकेक स्पंद मोजावा लागतो. पूर्ण शक्तीवर ही संख्या इतकी अफाट होते, की आयनीकरण-कक्षातील सलग विद्युत्प्रवाहच मोजणे भाग पडते. संख्या बेसुमार वेगाने वाढू लागली, की त्याच संकेतावरून शोषक दांडे खाली जातात व प्रक्रिया थांबते. एक शोधक बिघडला तर फसगत होऊ नये, म्हणून तेच मापन अनेक स्वतंत्र शोधकांकडून घेतले जाते. भट्टीचे डोळे, कान आणि विवेक म्हणजे हे शोधक होत.

४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे ‘अप्सरा’ कार्यान्वित झाली. तिचे इंधन ब्रिटनमधून आले होते. परंतु तिची नियंत्रण-यंत्रणा ए. एस. राव यांच्या नेतृत्वाखाली भारतीय अभियंत्यांनी घडविली. ती आयात करणे सोपे होते. भाभांनी अवघड मार्ग निवडला. पुढच्याच वर्षी त्यांनी तुर्भ्याला प्रशिक्षण विद्यालय सुरू केले व दरवर्षी पदवीधरांची नवी तुकडी घडू लागली. १९६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले.

भाभांचे सर्वच बेत तडीस गेले असे म्हणता येणार नाही. अणुविजेविषयी त्यांनी बाळगलेल्या आशा ठरल्या वेळी पूर्ण झाल्या नाहीत. ‘सायरस’ भट्टी कॅनडाच्या साहाय्याने उभी राहिली, तारापूरची केंद्रे अमेरिकेकडून आली. स्वावलंबनाचा पुरस्कर्ता परकीय मदतीवर विसंबला, असा आक्षेप घेण्यास येथे जागा आहे. परंतु १९७४ च्या पोखरण स्फोटानंतर कॅनडाने हात आखडता घेतला, तरी राजस्थानातील दुसरी भट्टी भारतीयांनी पुरी केली आणि १९८१ मध्ये ती व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागली. यंत्र परक्याचे असले, तरी ते जाणणारी व मोजणारी माणसे घरची असली, तर देश अडून राहत नाही, हे त्यावरून सिद्ध झाले. हे पाहावयास भाभा नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात त्यांचा अंत झाला. त्यांच्या प्रेरणेतून हैदराबादेस उभे राहिलेले इलेक्ट्रॉनिक्स महामंडळ १९६७ मध्ये स्थापन झाले आणि त्याच वर्षी तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

औंढ्याच्या प्रकल्पातही मुख्य उपकरणांचा काही भाग अमेरिकेतून यावयाचा आहे. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. विचार करावयाचा तो निराळ्याच गोष्टीचा. कळमनुरी, वसमत, सेनगाव येथील शाळा-महाविद्यालयांतून त्या यंत्रापर्यंत पोहोचणारी वाट तयार होणार, की प्रयोगशाळा कुंपणाआड राहून जिल्ह्याच्या वाट्याला केवळ पहारेकऱ्यांच्या नोकऱ्या येणार? पदार्थविज्ञानाचे साहित्य कपाटात कुलूपबंद ठेवणाऱ्या शाळेतून उद्याचा तंत्रज्ञ निघणार नाही. भाभांनी भट्टीबरोबरच माणसे घडविण्याची व्यवस्था उभी केली. हिंगोलीने त्यांच्या खात्याकडे मागावयाचे ते प्रथम हेच होय.