इटलीतल्या एका गावात माणगावच्या पोराच्या नावाचं सूर्यघड्याळ आहे : नाईक यशवंत घाडगे यांची गोष्ट

इटलीत पेरुजा नावाचं शहर आहे. त्याच्या उत्तरेला डोंगरावर मोंतोने हे छोटंसं गाव. आजूबाजूला ऑलिव्हची झाडं, खाली टायबर नदीचं खोरं. जुलै 2023 मध्ये या गावात एका स्मारकाचं उद्घाटन झालं. स्मारक म्हणजे चक्क एक सूर्यघड्याळ. त्यावर एक लॅटिन ओळ कोरलेली आहे, तिचा अर्थ साधारण असा, की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो.

आणि या घड्याळाला नाव कुणाचं दिलंय? तर रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातल्या एका शेतकरी मुलुखातल्या पोराचं. यशवंत घाडगे. वय वर्षं बावीस.

इटलीतल्या लोकांनी जवळपास 80 वर्षांनी ज्याची आठवण काढली, तो हा माणूस नेमका कोण होता? तो तिथे कसा पोचला? आणि आपल्या घरातला एखादा पणजोबा असाच कुठल्या परक्या मुलखात लढून आला असेल, तर त्याचा माग लागू शकतो का? हे सगळं सविस्तर बघू.

कोलाबा जिल्ह्यातलं पळसगाव

यशवंत घाडगे यांचा जन्म 16 नोव्हेंबर 1921 चा. गाव पळसगाव. आज हे गाव रायगड जिल्ह्यात आहे, पण तेव्हा जिल्ह्याचं नाव कोलाबा होतं. त्यामुळे लष्कराच्या जुन्या कागदांत त्यांचा जिल्हा कोलाबा म्हणूनच सापडतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

कोकणात डोंगरउताराची शेती, भाताचं एक पीक, आणि घरातलं एक तरी माणूस मुंबईला गिरणीत किंवा पलटणीत. कित्येक पिढ्या हे असंच चालत आलं होतं. शिवाय मराठा पलटणींची भरती मुख्यतः कोकण आणि देशावरच व्हायची. यशवंत घाडगे भरती झाले ते 5 व्या महरट्टा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये. लष्करी भाषेत 3/5.

पलटणीच्या मागे उभी असलेली पहिली लढाई

आता घाडगेंची गोष्ट समजून घ्यायची तर त्यांच्या पलटणीची गोष्ट आधी कळायला हवी. कारण त्यांचा जन्म पहिलं महायुद्ध संपल्यावर तीन वर्षांनी झाला, पण त्यांची पलटण ते महायुद्ध लढून आली होती.

पहिल्या महायुद्धात या पलटणीचं नाव वेगळं होतं, 110 वी महरट्टा लाइट इन्फंट्री. ती 6 व्या पुणे डिव्हिजनसोबत मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. डिसेंबर 1915 मध्ये जनरल टाउनशेंड यांची ही फौज तैग्रिस नदीकाठच्या कुत अल अमारा या गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली. अन्न संपलं. घोडे आणि खेचरं कापून खायची वेळ आली. बाहेरून सोडवायला येणाऱ्या फौजा पोचल्याच नाहीत. अखेर 29 एप्रिल 1916 ला फौजेनं शरणागती पत्करली. सुमारे 13,000 लोक कैद झाले. त्यातले हजारो वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत मेले. या वेढ्यात 110 च्या जोडीला 103 वी आणि 117 वी अशा आणखी दोन मराठा पलटणी होत्या.

1922 साली इंग्रजांनी सगळ्या पलटणींची फेररचना केली. वेगवेगळ्या मराठा पलटणी एका रेजिमेंटखाली आणल्या आणि 110 वी झाली 3/5. म्हणजे घाडगे ज्या पलटणीत शिपाई झाले, तिच्यात कुतच्या कहाण्या सांगणारी माणसं आणि त्या सांगितलेल्या ऐकलेली माणसं होती.

दुसऱ्या महायुद्धात हीच पलटण मार्च 1941 मध्ये आफ्रिकेतल्या इरिट्रियात, केरेनच्या डोंगरांवर लढली. तिथे पलटणीचे कमांडर होते डेनिस रीड. पुढे ते शत्रूच्या कैदेत पडले, तिथून निसटले आणि 1944 मध्ये इटलीत 10 व्या भारतीय डिव्हिजनचे प्रमुख झाले. योगायोग असा, की 3/5 मराठा तेव्हा त्यांच्याच डिव्हिजनमध्ये होती.

10 जुलै 1944

4 जून 1944 ला रोम दोस्त राष्ट्रांच्या हातात आलं. पण युद्ध संपलं नाही. जर्मन फौजा उत्तरेकडे सरकत होत्या आणि सरकताना प्रत्येक टेकडी, प्रत्येक खोरं लढवत होत्या. उत्तरेला त्यांची गॉथिक लाइन नावाची भक्कम संरक्षण फळी तयार होत होती. ती पुरी होईपर्यंत वेळ काढायचा, असा त्यांचा हिशेब. टायबर नदीचं वरचं खोरं हा त्याच वाटेवरचा भाग.

यशवंत घाडगे तोपर्यंत नाईक झाले होते. नाईक म्हणजे शिपायाच्या वरचा आणि हवालदाराच्या खालचा हुद्दा. त्यांच्या हाताखाली एक सेक्शन होता. सेक्शन म्हणजे आठ-दहा जवानांची तुकडी.

10 जुलैला त्यांच्या कंपनीनं जर्मनांच्या एका भक्कम मोर्चावर हल्ला चढवला. घाडगेंचा सेक्शन पुढे सरकत असताना अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. काही क्षणांत सेक्शनमधला प्रत्येक जण एक तर ठार झाला, नाही तर जखमी होऊन पडला. उभे राहिले ते फक्त नाईक घाडगे.

अशा वेळी आडोसा घेऊन मदतीची वाट पाहिली असती, तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण ती मशीनगन चालू राहिली असती तर पडलेल्या जखमींचंही काही खरं नव्हतं. घाडगे एकटेच तिच्यावर धावून गेले. आधी हातगोळा फेकला. मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही गप्प झाले. मग आपल्या टॉमी गननं आणखी एकाला गोळी घातली. तेवढ्यात मॅगझिन संपलं. दुसरं लावायला सवड नव्हती. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्यानं उरलेल्या दोघांना मारलं.

मोर्चा हातात आला. पण लपून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी घाडगेंना टिपलं. छातीवर गोळ्या लागल्या आणि जो मोर्चा त्यांनी एकट्यानं जिंकला होता, तिथेच त्यांनी प्राण सोडले.

व्हिक्टोरिया क्रॉस

2 नोव्हेंबर 1944 ला लंडनच्या सरकारी गॅझेटमध्ये घोषणा झाली. नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्यासाठी ब्रिटिश साम्राज्यातला हा सर्वोच्च सन्मान. तो 1856 मध्ये सुरू झाला, पण भारतीय सैनिकांना मिळण्याची सोय व्हायला 1911 साल उजाडावं लागलं.

इटलीच्या मोहिमेत एकूण 20 व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. त्यातले 6 भारतीय फौजेतल्या जवानांना मिळाले, आणि त्या 6 पैकी 2 मराठा लाइट इन्फंट्रीचे. एक घाडगे. दुसरे अहमदनगर जिल्ह्यातले नामदेव जाधव. त्यांनी 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांना वाचवलं आणि शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. जाधव परत आले आणि 1984 पर्यंत जगले. घाडगेंच्या घरी मात्र फक्त पदक आलं. व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी ते त्यांच्या पत्नीच्या हाती दिलं.

घाडगेंची कबर किंवा समाधी कुठेही नाही. इटलीत कासिनो इथे ज्यांचा ठावठिकाणा उरला नाही अशा 4,000 हून अधिक सैनिकांची नावं कोरलेलं स्मारक आहे, त्यात त्यांचं नाव आहे. माणगावात त्यांचा पुतळा उभा आहे. आणि आता मोंतोनेत सूर्यघड्याळ.

पण ज्यांना पदक मिळालं नाही, त्यांचं काय?

घाडगेंची गोष्ट आपल्याला इतकी बारकाईनं माहीत आहे, कारण त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पहिल्या महायुद्धात भारतातून 13 लाखांच्या आसपास लोक गेले, त्यातले सुमारे 74,000 परत आले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात फौज 25 लाखांवर गेली आणि सुमारे 87,000 गेले. त्यातल्या बहुतेकांची गोष्ट कुणी लिहिली नाही.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही संस्था दोन्ही महायुद्धांतल्या मृत सैनिकांची नोंद ठेवते. 2021 मध्ये तिनं स्वतःच कबूल केलं, की पहिल्या महायुद्धातल्या किमान 1,16,000 लोकांची, ज्यात मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधले लोक होते, नावानिशी आठवण ठेवली गेली नाही किंवा कदाचित काहीच ठेवली गेली नाही. इराकमधल्या बसरा स्मारकावर साध्या भारतीय शिपायांची नावं कोरलीच नव्हती, पलटणीपुढे नुसता आकडा होता.

तरीही शोध अशक्य नाही. समजा, तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रस, पुसद किंवा वणीकडचे आहात आणि घरात एवढंच बोललं जातं, की आजोबांचे वडील लढाईत होते. मग सुरुवात कुठून करायची? घाडगेंच्या गोष्टीतच त्याची उत्तरं आहेत.

पहिली गोष्ट, घरातली ट्रंक उघडा. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. चांदीचं पदक असेल तर माणूस लढाऊ पलटणीत असण्याची शक्यता जास्त, कारण मजूर पथकातल्या लोकांना तेच पदक काशाचं मिळायचं. दुसऱ्या महायुद्धाचं पदक चांदणीच्या आकाराचं असेल तर त्यावर मोहिमेचं नावच लिहिलेलं असतं, इटली, आफ्रिका किंवा बर्मा.

दुसरी गोष्ट, जिल्ह्याचं जुनं नाव. घाडगेंचा रायगड जसा कागदावर कोलाबा आहे, तसं यवतमाळचं आहे. 1905 पर्यंत या जिल्ह्याला वणीचं नाव होतं. पुढे इंग्रजी कागदांत यवतमाळ लिहिताना सुरुवात वाय, ई, ओ अशी व्हायची. आजच्या स्पेलिंगनं शोधलं तर हाती काही लागत नाही. शिवाय जिल्हा वऱ्हाडात, म्हणून कित्येकदा पत्त्यात नुसतं बेरार लिहिलेलं असतं.

तिसरी गोष्ट, माणसाच्या नावाचं स्पेलिंग. नामदेव जाधव यांचं आडनाव व्हिक्टोरिया क्रॉसच्या नोंदीत जादव असं आहे. एवढ्या मोठ्या सन्मानात हे झालं, तर साध्या शिपायाच्या नावाचं काय होत असेल? उच्चाराच्या तीन-चार तऱ्हा करून शोधा.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, पलटणीची वंशावळ. घाडगेंची पलटण 1914 मध्ये 110 वी, 1922 नंतर 3/5, आणि स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये ती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. एकच पलटण, तीन नावं. विदर्भातल्या अनेक घरांसाठी 111 वी महार ही पलटणही महत्त्वाची. ती 1917 मध्ये उभी राहिली, 1921 मध्ये मोडली आणि 1941 मध्ये महार रेजिमेंट नव्यानं सुरू झाली. त्यामुळे कुणी महार पलटणीत होतं असं घरात सांगत असतील, तर आधी कोणतं युद्ध हे ठरवा.

एवढं हातात आलं, की युद्धात गेलेल्या माणसासाठी वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतं. कित्येक नोंदींत वडिलांचं, पत्नीचं आणि गावाचं नाव असतं. जो परत आला, त्याच्यासाठी रेजिमेंटच्या केंद्राकडे लिहावं लागतं. मराठ्यांचं केंद्र बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. नंबर आणि पलटण लिहिली नसेल तर अशा पत्राचा उपयोग होत नाही. पेन्शनचे कागद असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारता येतं. आणि गावात जुन्या चावडीजवळ एखादा दगड असेल, ज्यावर या गावातून इतके जण महायुद्धात गेले आणि इतके मेले असा मजकूर आहे, तर त्याचा फोटो काढून ठेवा. त्यावर नावं नसतात, आकडे असतात. पण आपला माणूस त्या आकड्यात आहे, एवढं तरी कळतं.

यशवंत घाडगे परक्या राजाच्या फौजेतून, परक्या देशात लढले. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली आणि देश स्वतंत्र झाला. हे युद्ध आपलं होतं का, यावर वाद होऊ शकतो आणि तो व्हावाही. पण तो वाद ज्यांच्याबद्दल घालायचा, त्यांची नावं तरी आपल्याला माहीत हवीत. मोंतोनेच्या लोकांनी एक नाव शोधून दगडावर कोरलं. बाकीची नावं आपल्याच घरांतल्या ट्रंकांमध्ये पडून आहेत.