बॅ. नाथ पै : संसदेत वकिली केलेला बॅरिस्टर

बेळगावात शहापूरच्या नाथ पै चौकातून आपली रोज ये-जा असते. पण ज्यांचं नाव या चौकाला आहे ते कशासाठी झगडले, हे नव्या पिढीला फारसं ठाऊक नाही.

नाथ पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ल्यात झाला. शिक्षणाच्या निमित्ताने ते बेळगावात आले आणि इथलेच झाले. १९४२ च्या चले जाव चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला. पुढे लंडनला जाऊन ते बॅरिस्टर झाले. त्या काळी बॅरिस्टर म्हणजे पैसा आणि मान ठरलेलाच. नाथ पैंनी मात्र राजकारणाची वाट धरली. १९५७ मध्ये प्रजा समाजवादी पक्षातर्फे ते राजापूरहून लोकसभेवर निवडून आले. १९६२ आणि १९६७ मध्येही मतदारांनी त्यांनाच पाठवलं. गोवा मुक्ती, कोकणची रेल्वे आणि आपला सीमाप्रश्न त्यांनी दिल्लीत लावून धरला.

त्यांच्यातला वकील खरा दिसला तो १९६७ मध्ये. गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ५ अशा निकालाने ठरवलं की, मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. नाथ पै विरोधी बाकांवरचे. तरीही लोकांनी निवडलेल्या संसदेला घटना बदलण्याचा अधिकार हवाच, असं म्हणत त्यांनी खासगी विधेयक आणलं. त्यावर देशभर वाद झाला. हक्कच धोक्यात येतील, ही विरोधकांची भीतीही पोकळ नव्हती. विधेयक मंजूर होण्याआधीच डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली.

हृदयविकाराने ते थकले होते. तरी १७ जानेवारी १९७१ ला हुतात्मा दिनाच्या सभेसाठी ते बेळगावात आले आणि बोलले. १८ जानेवारीला इथेच त्यांचं निधन झालं. वय अवघं ४८.

त्याच वर्षी २४ व्या घटनादुरुस्तीने संसदेला तो अधिकार परत मिळाला. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने गोलकनाथचा निकाल फिरवला, पण घटनेच्या मूळ चौकटीला हात लावायचा नाही, ही मर्यादा घातली. म्हणजे नाथ पैंची बाजू राहिली आणि विरोधकांची भीतीही ऐकली गेली.

सीमाप्रश्नाचा दावा मात्र २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. ज्या प्रश्नासाठी ते अखेरचं बोलले, त्याचा निकाल अजून लागायचा आहे.