मेजर रॉबर्ट गिल : कुंचल्याकडून कॅमेऱ्याकडे

मेजर रॉबर्ट गिल यांचा जन्म 1804 साली लंडनमध्ये झाला. मद्रास सैन्यातील या अधिकाऱ्याचा चित्रकलेत हात होता आणि त्यामुळेच त्यांचे उत्तरायुष्य वाघूर नदीच्या परिसरात गेले. 1819 मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने अजिंठ्याची लेणी पाहिली. याला शोध म्हणण्याची प्रथा आम्हांस मान्य नाही. डोंगरालगतच्या लोकांना ती ठाऊक होतीच. पुढे जेम्स फर्ग्युसन यांनी तेथील भित्तिचित्रांच्या ऱ्हासाकडे लक्ष वेधले आणि 1844 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्या चित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम गिल यांच्यावर सोपविले.

अंधार, ओल आणि वटवाघळे यांच्या सोबतीने, तथागतांच्या पूर्वजन्मीच्या कथा ते वर्षानुवर्षे तैलरंगांत कॅनव्हासवर उतरवीत राहिले. पूर्ण झालेली चित्रे लंडनला जात.

याच काळातील पारोची कथा कादंबरीकार व चित्रपटकारांनी पुष्कळ रंगविली आहे. अजिंठा गावातील तिच्या कबरीवर 23 मे 1856 ही तारीख आणि पटकीने मृत्यू झाल्याची नोंद कोरलेली आहे. आम्हांस त्या दगडाचा संयम अधिक बोलका वाटतो.

त्याच सुमारास गिल छायाचित्रणाकडे वळले. त्या काळची रीत कष्टाची होती. काचेला कोलोडियनचा लेप द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूत धुवायची. शिवाय ही काच निळ्या प्रकाशाला जागी, तर तांबड्या-पिवळ्याला जवळजवळ आंधळी असे. अजिंठ्याचा गेरू तिच्यावर काळवंडून उमटणार, हे ठरलेलेच. म्हणून रंगांसाठी कुंचला आवश्यकच राहिला. स्तंभ, चैत्यगवाक्षे आणि शिल्पे मात्र कॅमेऱ्याने टिपली. गिल यांची अनेक छायाचित्रे जोडचित्रे आहेत. किंचित वेगळ्या कोनांतून घेतलेली दोन चित्रे दुहेरी भिंगातून पाहिली की लेणे खोलीसह डोळ्यांपुढे उभे राहते. चित्रकाराची जाण आणि नवे यंत्र यांचा हा मेळ होता. 1864 साली लंडनमध्ये फर्ग्युसन यांच्या विवेचनासह त्यांच्या 74 छायाचित्रांचा ग्रंथ निघाला.

दोनच वर्षांनी, डिसेंबर 1866 मध्ये, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली. तेथे मांडलेले गिल यांचे कॅनव्हास जळाले; प्रदर्शनात नसलेले मोजकेच वाचले. इतक्या वर्षांचे श्रम, आणि प्रत्येक चित्र एकुलते एक! छायाचित्रांचे तसे झाले नाही. एका काचेवरून अनेक प्रती निघालेल्या होत्या आणि त्या ग्रंथांतून ठिकठिकाणी पोहोचल्या होत्या. त्यानंतर काय पडले, काय झिजले, हे ताडून पाहण्यासाठी इतिहासाच्या अभ्यासकाला आजही त्यांचा आधार घेता येतो. पुढे 1872 पासून जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्याला प्रतिकृती करू लागले. त्यांतील अनेक चित्रेही 1885 मध्ये लंडनमधील आगीतच गेली.

10 एप्रिल 1879 रोजी गिल यांचे निधन झाले. त्यांची कबर भुसावळच्या युरोपीय दफनभूमीत आहे. कल्याणला आम्ही सहलीसाठी ज्या गाडीत बसतो, ती मुलांना जळगावला उतरवून पुढे त्याच गावाला जाते.