गोवारीकर सर आणि आपले आकडे

लायब्ररीत 'पॉलिमर सायन्स' हवं असेल तर आपण नुसतं 'गोवारीकर आहे का?' असं विचारतो. हे गोवारीकर कोण, हे शोधायला मी बसले आणि थक्क झाले!

डॉ. वसंत गोवारीकर यांचा जन्म 25 मार्च 1933 रोजी पुण्यात झाला. शालेय शिक्षण कोल्हापुरात, पीएच.डी. बर्मिंगहॅमला. 1967 मध्ये विक्रम साराभाईंच्या बोलावण्यावरून ते थुंब्याला आले आणि रॉकेटच्या घन इंधनाच्या कामाला लागले.

हे इंधन म्हणजे चक्क पॉलिमर कॉम्पोझिट! रबरासारख्या पॉलिमरमध्ये अमोनियम परक्लोरेट आणि ॲल्युमिनियमची पूड कालवायची, साच्यात ओतायची आणि उष्णता देऊन घट्ट करायची. चाकणच्या कारखान्यांत रेझिन आणि काचतंतूंचे पार्ट बनतात, त्याच जातीचा माल. पण इंधनात बारीक तडा गेला तरी जळणारा पृष्ठभाग वाढतो, दाब चढतो आणि मोटर फुटते. अशी माहिती कुठलाही देश सहजासहजी देत नाही. ती स्वतःच मोजून, नोंदवून जमवावी लागते. 1979 मध्ये ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. 18 जुलै 1980 रोजी एसएलव्ही-3 ने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. या रॉकेटचे चारही टप्पे घन इंधनाचे होते.

मला खरं भावलं ते पुढचं. रॉकेटचे आकडे गुप्त राहणारच, पण त्यामागचं पॉलिमरचं शास्त्र त्यांनी कपाटात ठेवलं नाही. 1986 मध्ये विश्वनाथन आणि श्रीधर यांच्याबरोबर त्यांनी आपलं हे पुस्तक आणलं. 1995 ते 1998 ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. पंचाहत्तरी उलटल्यावर, 2009 मध्ये, सहकाऱ्यांसह खतांचा ज्ञानकोश काढला. त्यात साडेचार हजारांवर नोंदी! 2 जानेवारी 2015 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. त्यालाही दशक उलटलं.

आता आपलं बघा. दरवर्षी प्रोजेक्टसाठी आपण एफआरपीचे तुकडे यूटीएमवर तोडतो. व्हायवा झाला की आकडे स्पायरल बाइंडिंगमध्ये बंद! पुढची बॅच तसलेच तुकडे पुन्हा तोडते. रेझिन कुठलं, तंतू किती टक्के, क्युअरिंग किती तास, फसलेला नमुना कुठला, हे सगळं एका खुल्या तक्त्यात ठेवलं तर? जपानमध्ये शोधनिबंधांतले आकडे गोळा करून 'पॉलीइन्फो' हा पॉलिमरचा डेटाबेस उभा राहिला. पिंपरी-चिंचवडच्या कॉलेजांनी मनावर घेतलं तर कॉम्पोझिटसाठी आपणही करू शकतो. सुरुवात या वर्षीच्या प्रोजेक्टपासूनच करूया का?