चोरीला गेलेले घोडे आणि मिळालेला मित्र : चंगीझ खानाची गोष्ट



चंगीझ खान म्हटलं की मुलांना तलवार आणि जळणारी शहरं आठवतात. ते खरंच आहे. पण त्याच्या लहानपणीची एक गोष्ट वर्गात जरूर सांगा. तेराव्या शतकातल्या 'मंगोलांचा गुप्त इतिहास' या ग्रंथात ती आली आहे.

बालपण

त्याचं मूळ नाव तेमुजिन. जन्म साधारण ११६२ च्या सुमारास, मंगोलियात ओनोन नदीच्या परिसरात. 'खान' हे त्याचं आडनाव नव्हे, तो राजाचा किताब आहे. तो मुसलमान नव्हता. मंगोल लोक आकाशाला देव मानत. मुलं हे हमखास विचारतात, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

तेमुजिन नऊ वर्षांचा असताना तातार लोकांनी त्याच्या वडिलांना, येसुगेई यांना, विष घातलं. टोळीने विधवा होएलून आणि तिच्या लेकरांना माळावर टाकून दिलं. त्या माउलीने कंदमुळं आणि रानफळं गोळा करून मुलं वाढवली.

घोडे चोरीला गेले

या कुटुंबाकडे अवघे नऊ घोडे होते. मंगोल घोडा उंचीने आपल्या तट्टाएवढाच, पण भारी चिवट. त्या माळरानावर घोडा नाही म्हणजे शिकार नाही, दुसरीकडे मुक्काम हलवणं नाही. एके दिवशी चोरांनी त्यातले आठ घोडे डोळ्यांदेखत पळवले. नववा घोडा घेऊन सावत्र भाऊ बेल्गुतेई शिकारीला गेला होता. तो संध्याकाळी परतला, तेव्हा भाऊ म्हणू लागले की आम्ही जातो. पण तेमुजिन स्वतःच त्या घोड्यावर निघाला.

तुडवलेल्या गवतावरचा माग काढत तीन रात्री गेल्या. चौथ्या दिवशी सकाळी एक मुलगा घोडीचं दूध काढताना दिसला. त्याचं नाव बोर्चू. पहाटेच आठ घोडे इथून नेले, असं त्याने सांगितलं. एवढ्यावर तो थांबला नाही. तेमुजिनला ताज्या दमाचा घोडा दिला, दुधाची भांडी गवतात झाकून ठेवली आणि घरी न सांगताच त्याच्यासोबत निघाला. ओळख ना पाळख!

आणखी तीन दिवसांनी एका छावणीच्या कडेला घोडे चरताना दिसले. तेमुजिनने बोर्चूला मागे थांबायला सांगितलं, पण तो ऐकेना. दोघांनी मिळून घोडे हाकलत आणले. चोर मागे लागले, तेमुजिनने बाण रोखले, तेवढ्यात अंधार पडला आणि पाठलाग थांबला.

परतताना तेमुजिनने काही घोडे बोर्चूला देऊ केले. त्याने एकही घेतला नाही. मोबदला घेतला तर ती मदत कसली, असं त्याचं म्हणणं. घरी वडील मुलगा हरवला म्हणून रडत बसले होते. ते आधी रागावले, मग दोघांना सांगितलं की एकमेकांची साथ कधी सोडू नका.

पुढील जीवन

तेमुजिनच्या लग्नानंतर बोलावणं येताच बोर्चू पुन्हा निघाला आणि जन्मभर सोबत राहिला. १२०६ मध्ये तेमुजिन सर्व मंगोलांचा चंगीझ खान झाला. त्या भर सभेत त्याने घोड्यांची ही हकीकत पुन्हा सांगितली आणि बोर्चूला दहा हजार स्वारांचं सेनापतिपद दिलं. पुढे त्याच्या फौजांनी उत्तर चीनपासून इराणपर्यंत शहरं उद्ध्वस्त केली, असंख्य माणसं मारली. १२२७ मध्ये तंगुत राज्यावरच्या मोहिमेत तो मरण पावला. आपल्या इतिहासातला बाबर आईकडून त्याच्याच वंशातला.

वर्गात सांगताना

क्रूरपणा लपवू नका. मुलं दोन्ही गोष्टी समजून घेतात. पण बोर्चूकडे त्यांचं लक्ष जरूर वेधा. त्याने मदत केली ती बादशहाला नाही, घोडे गमावलेल्या एका गरीब पोराला. तो पुढे कोण होणार, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. वर्गात नवीन आलेल्या, कुणाशी न बोलणाऱ्या मुलाशेजारी जाऊन बसणारं मूल हेच करत असतं.

मग मुलांना दोन प्रश्न विचारा. बोर्चूने घरी न सांगता जाणं योग्य होतं का? आणि तुम्ही त्याच्या जागी असता तर? उत्तरं घाईने दुरुस्त करू नका, आधी ऐका. पालकांनीही घरी हे विचारून पाहावं.