जवाहिऱ्याच्या डब्यातील अनोळखी रत्न

ॲडम्सटाउनहून निघालेली गाडी थोड्याच वेळात डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकात पोहोचते. तेथून लिफी नदीच्या काठाने पूर्वेकडे चालत गेले की फ्लीट स्ट्रीट लागतो. १९४५ च्या ऑक्टोबर महिन्यात याच रस्त्यावरील एका जवाहिऱ्याच्या दुकानात रिचर्ड टाफ हे रत्नपारखी सुट्या खड्यांचा डबा चाळत बसले होते. त्यांतील काही खडे त्यांनी विकत घेतले. त्या वेळी त्यांचे वय ४७ होते.

टाफ घराणे मूळचे आयरिश. पुढे त्याच्या एका शाखेने हाब्सबुर्ग सम्राटांची चाकरी पत्करली. रिचर्ड यांचे आजोबा एडुआर्ड १८७९ ते १८९३ या काळात ऑस्ट्रियाचे पंतप्रधान होते. पहिल्या महायुद्धात शत्रुपक्षाला साथ दिल्याबद्दल ब्रिटनने १९१९ मध्ये रिचर्ड यांच्या वडिलांचा आयरिश सरदारकीचा किताब काढून घेतला. ऑस्ट्रियातही त्याच वर्षी सरदारक्या रद्द झाल्या. दोन्हीकडचे वैभव असे एकदमच ओसरले. रिचर्ड पूर्वजांच्या देशात आले आणि रत्नपरीक्षेवर उपजीविका करू लागले. दुकानदारांनी बाजूला टाकलेले खडे घेऊन ते पारखणे हा त्यांचा नित्यक्रम होता.

आणलेले खडे धुऊन, पुसून ते एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. त्यांत एक फिकट जांभळा, पैलू पाडलेला खडा होता. वजन दीड कॅरटलाही थोडे कमीच. रंग, विशिष्ट गुरुत्व, अपवर्तनांक ही सारी लक्षणे स्पिनेलची होती. कोणीही तेवढ्यावर थांबले असते. परंतु खड्यातून पाहताना मागच्या बाजूचे ओरखडे आणि धूलिकण त्यांना जोडीने दिसले. हे स्पिनेलमध्ये घडूच शकत नाही, कारण स्पिनेल प्रकाशकिरण दुभंगत नाही. दिसण्यावर विसंबणे किती महागात पडते, याचे उदाहरण ब्रिटिश राजमुकुटातच आहे: ‘ब्लॅक प्रिन्सचे माणिक’ म्हणून शतकानुशतके मिरवलेले रत्न वस्तुतः स्पिनेल आहे. टाफ यांनी मोजमापे पुनःपुन्हा घेतली. कोष्टकातील कोणत्याही खनिजाशी ती जुळेनात.

१ नोव्हेंबर १९४५ रोजी त्यांनी तो खडा लंडनच्या रत्नपरीक्षा प्रयोगशाळेत बेसिल अँडरसन यांच्याकडे पाठवला. अँडरसन आणि त्यांचे सहकारी पेन यांनाही तेच आढळले. आता खरा पेच उभा राहिला. नवे खनिज सिद्ध करायचे तर त्याची रासायनिक घडण कळायला हवी, आणि त्यासाठी खड्याचा तुकडा खर्ची घालावा लागणार. खाणीतून काढलेला नमुना असता, तर चिमूटभर भुकटीचे कोणाला काय वाटले असते? येथे साऱ्या जगात ज्ञात असलेला एकच खडा होता, तोही घडवून तयार. टाफ यांनी अनुमती दिली. ब्रिटिश म्युझियममध्ये क्लॅरिंगबुल यांनी क्ष-किरणांनी त्याची स्फटिकरचना तपासली, तर मॅक्स हे यांनी त्या इवल्याशा तुकड्याचे रासायनिक विश्लेषण केले. बेरिलियम आणि मॅग्नेशियम ही दोन्ही मूलद्रव्ये ज्याचे अनिवार्य घटक आहेत, असे हे पहिलेच खनिज निघाले. १९५१ मध्ये ‘टाफाइट’ या नावाने ते प्रसिद्ध झाले. एखादे खनिज प्रथम पैलू पाडलेल्या रत्नातून ओळखले जाण्याची ती पहिलीच वेळ.

दरम्यान १९४९ मध्ये लंडनच्या त्याच प्रयोगशाळेत दुसरा टाफाइट सापडला, तोही पैलू पाडलेलाच. पुढे श्रीलंका, म्यानमार आणि टांझानियातही ते आढळले. २००२ मध्ये खनिजशास्त्रज्ञांनी त्याला लांबलचक शास्त्रीय नाव दिले. बाजाराने मात्र टाफाइट हेच नाव कायम ठेवले.

रिचर्ड टाफ १९६७ मध्ये निवर्तले. त्यांच्या शाखेत त्यांच्यामागे वारस उरला नाही.